तिच्या हाताला जुळवलेली गाडी

डॉक्टरांनी मला गाडी चालवायला मनाई केली आणि त्याच आठवड्यात डायनोवाल्याचा फोन आला, की तुमचा नंबर लागलाय, आता कधीही गाडी घेऊन या.

त्या नंबरासाठी मी पावसाळ्यापासून थांबलो होतो. डायनो म्हणजे एक जड लोखंडी रोलर. मोटारसायकलचं मागचं चाक त्यावर ठेवतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात आणि जागच्या जागी पळवतात. इंजिन किती हवा ओढतंय, त्याला किती पेट्रोल मिळतंय, कुठं कमी पडतंय हे कॉम्प्युटरवर दिसतं. मग त्या एका गाडीपुरतं पेट्रोलचं माप नव्यानं बसवून देतात. आधी त्यासाठी पुण्याला जावं लागायचं. आता चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये हे यंत्र आलं होतं. पुण्यात बरीच वर्षं इंजिन टेस्टिंगचं काम करून परत आलेला, पस्तिशीतला एक माणूस ते चालवायचा.

गाडी माझी दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची. मागं दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, पुढं उंच काच. पन्नाशी ओलांडल्यावर घेतली होती. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि आम्ही दोघं सुट्टी मिळाली की निघायला लागलो. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज स्कूटरवर जाते-येते. गाडीवर ती मागं बसायची. दोन हेल्मेटांच्या आतून आमचं बोलणं चालायचं, अर्धं ऐकू यायचं, अर्धं अंदाजानं. चहा हवा असला की ती माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारायची.

मग मला हौस आली. कंपनीचा सायलेन्सर काढून हलका बसवला, हवेचा फिल्टरही मोकळा टाकला. आवाज छान भरदार झाला, पण गाडीची तब्येत बिघडली. हळू चालवताना धक्के द्यायची, ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की मागून फटफट आवाज काढायची, सिग्नलला उभं राहिलं की मांड्या भाजायच्या. हवा जास्त जात होती आणि पेट्रोल पहिल्याइतकंच येत होतं. आतल्या कॉम्प्युटरला नवा सायलेन्सर माहीतच नव्हता. त्यावर इलाज म्हणजे डायनो. मी नंबर लावला आणि वाट बघत बसलो.

त्याच सुमारास जालना रोडवर एका रिक्षाला मी घासलो. फार काही झालं नाही, डाव्या पेटीला ओरखडा पडला. मी रिक्षावाल्यावर लई ओरडलो. तो बिचारा म्हणत होता, "चाचा, मैं तो कबसे बाजू में था." घरी आल्यावर बायको हेल्मेट काढता काढता म्हणाली, "तो खरंच कधीचा बाजूला होता. मला वाटलं तुम्हाला दिसतोय."

तिनंच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं, हातात बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेला कुठंही उजेड चमकला की बटण दाबायचं. मी बसून राहिलो. मधे बराच वेळ काही चमकलंच नाही. मला वाटलं यंत्र अडकलं असणार. मी आतूनच म्हणालो, "ताई, मशीन बंद पडली का?" तपासणी करणारी मुलगी म्हणाली, "नाही काका, चालू आहे. तुम्ही बघत राहा."

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याचा बराचसा कडेचा भाग गेला होता, उजव्याचाही थोडा. डॉक्टरीणबाई शांत आवाजात म्हणाल्या, "समोरचं दिसतंय तुम्हाला, म्हणून कळलं नाही. गेलंय ते परत येणार नाही. आहे ते औषधानं टिकवायचं. दुचाकी मात्र बंद."

बायकोनं विचारलं, "आजपासून?"

"आजपासून."

तिथून तिच्या स्कूटरवर मागं बसून आलो. क्रांती चौकातला उड्डाणपूल चढताना मी मान वळवून वळवून बघत होतो, काय दिसत नाही ते. जे दिसत नाही ते काळं दिसत असेल असं मला वाटायचं. तसं नसतं. ते नसतंच. भिंत असते, झाड असतं, आणि मधे माणूस असला तर तो नसतो. भिंत आणि झाड आपापले जुळून येतात.

मग तो फोन आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, बायको गवारीच्या शेंगा मोडत होती. मी फोनवर म्हणालो, "भाई, नंबर दुसऱ्या कुणाला द्या. माझं जरा..."

बायकोनं हात पुसले आणि म्हणाली, "त्यांना सांगा, पुढच्या महिन्यात येतो."

"कोण येतो?"

"गाडी मी चालवीन."

मी तसं सांगून फोन ठेवला. ती परत शेंगा मोडायला लागली. लग्नाआधी ती वडिलांची मोटारसायकल चालवायची. लासूर स्टेशनला त्यांचं घर, वडील तलाठी होते, आणि त्या काळात गावात मोटारसायकल चालवणारी ती एकटीच मुलगी होती. गिअरच्या गाडीचं लायसन होतं तिच्याकडं. पण तिच्या वडिलांची गाडी आणि ही गाडी, म्हणजे शेळी आणि म्हैस. मी तसं म्हणालोही. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही तोंड पाडून बसणार आणि मी ते बघत बसणार. त्यापेक्षा हे बरं."

मुलीला फोनवर सांगितलं तर ती चिडली. "आई, वेडी आहेस का? विकून टाका ती गाडी." आई म्हणाली, "बघू."

रविवारी सकाळी आम्ही शेंद्र्याला जायला लागलो. एमआयडीसीच्या नव्या भागात सिमेंटचे रुंद रस्ते केलेत, दोन्ही बाजूंनी प्लॉट अजून रिकामे, गवत वाढलेलं. सुट्टीच्या दिवशी तिथं चिटपाखरू नसतं. आमच्या कारखान्यातला एक दोस्त गाडी तिथवर आणून द्यायचा आणि झाडाखाली मोबाइल बघत बसायचा. मी फूटपाथवर बसायचो. ती पंजाबी ड्रेसवर माझं जुनं जॅकेट घालायची, बाह्या दुमडून. सीट तिला उंच पडायची, दोन्ही पाय पूर्ण टेकायचे नाहीत. मी सीट खाली करून घेतली. तरी एकच पाय नीट टेकायचा.

सरळ रस्त्यावर ती ठीक चालवायची. वळताना घोळ व्हायचा. मूठ जराशी उघडली की गाडी धक्का द्यायची, तो धक्का आला की ती घाबरून मूठ सोडायची, आणि सोडली की इंजिन गचकन बंद. असंच एकदा वळताना बंद पडलं आणि गाडी तिच्यासकट आडवी झाली. मी उठून पळालो, आणि पळताना फूटपाथच्या कडेला जो दगड होता तो मला दिसला नाही. दोघं एकदमच पडलो म्हणायचं. समोरच्या कंपनीचे दोन वॉचमन धावत आले. एक म्हातारा होता, तो तिला म्हणाला, "मावशी, लागलं तर नाय ना?"

"नाय लागलं. गाडी उचलू लागा जरा."

"ह्यांना बी लागलंय की."

"त्यांना बघते नंतर. आधी गाडी उचला."

गाडी उभी केल्यावर तिचे हात धुळीनं माखले होते, तळव्याला खरचटलं होतं. माझ्या गुडघ्याला लागलं होतं. आम्ही दोघं फूटपाथवर पाणी पीत बसलो. तिनं विचारलं, "ही अशी धक्के का देते?"

मी सांगितलं, सायलेन्सर, हवा, पेट्रोल, सगळं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग आधी ते डायनो करून घेऊ. माझं चुकतंय की गाडीचं, हे तरी कळंल."

ठरल्या तारखेला शेंद्र्याहून चिकलठाण्याला ती गाडी घेऊन गेली तो माझा या गाडीवर तिच्या मागं बसण्याचा पहिला दिवस. अंतर फार नाही. पण मागं बसल्यावर हात कुठं ठेवायचे हेच मला कळेना. तिच्या कमरेला धरलं तर ती म्हणाली, "घट्ट धरू नका, मला वळता येत नाही." मी पेट्यांच्या कड्या धरल्या.

शेडमध्ये रोलर जमिनीत बसवलेला होता, पुढच्या चाकासाठी शिकंजा, समोर माणसाच्या उंचीचा पंखा. एका कोपऱ्यात काचेची खोली, तिच्यात स्क्रीन. डायनोवाला हात पुसत आला. मला सलाम करून थेट कामाला लागला. "सर, किधर चलाते? हायवे? घाट? डबल सीट, सामान?"

मी म्हणालो, "हिला विचारा. गाडी ही चालवते."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. ओशाळला असावा. "हौ, हौ. बोलो मॅडम, क्या तकलीफ है?"

ती वर्गात पोरांना सांगते तशी एकेक सांगायला लागली. मुठीला नुसता हात लावला की धक्का बसतो. वळताना बंद पडते. तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवली की आचके देते. उभं राहिलं की पाय भाजतात. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "और ऊपर? हंड्रेड के ऊपर कैसी खिंचती?"

"माहीत नाही. मी गेले नाही तिथवर."

"सर गए होंगे."

मी म्हणालो, "आधी जायचो."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मी डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मेरे अब्बा को भी है." आणि गाडी रोलरवर ढकलायला लागला.

गाडी जखडून झाली. सायलेन्सरमध्ये त्यानं एक सेन्सर बसवला, धुरात पेट्रोल आणि हवा किती ते सांगणारा. आम्हाला कानात घालायला फोमचे बोळे दिले आणि काचेच्या खोलीत बसवलं. मग पंखा चालू केला आणि गाडीवर बसला. आधी हळू, मग चौथ्या गिअरमध्ये सरळ वरपर्यंत. पत्रे थरथरायला लागले. माझी गाडी पूर्ण वेगात पळत होती आणि काच, रंग, डाव्या पेटीवरचा रिक्षाचा ओरखडा, सगळं जागच्या जागी होतं. तो आवाज मी रस्त्यावर कधी ऐकलाच नव्हता, कारण रस्त्यावर तो मागं राहतो. इथं तो पूर्ण अंगावर येत होता. मला रडू आलं. खोलीत उजेड कमी होता आणि बायको स्क्रीनकडं बघत होती, तिला कळलं नसावं.

पहिल्या फेरीनंतर तो आत आला आणि स्क्रीनवरची रेघ दाखवली. खालच्या भागात ती खड्ड्यात गेल्यासारखी खाली पडत होती. "ये देखो मॅडम. यहाँ पेट्रोलच नहीं है. आपकी गलती नहीं. गाडी भूकी है."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे माझं चुकत नव्हतं."

"नव्हतं."

मग तो तासन्‌तास बसला. इंजिन किती फिरतंय आणि मूठ किती उघडलीय, याचा एक तक्ता असतो, त्याला मॅप म्हणतात. त्यातल्या प्रत्येक चौकोनात किती पेट्रोल द्यायचं ते ठरवायचं. एक चौकोन भरायचा, गाडीवर बसायचं, तेवढ्याच वेगावर धरायची, परत यायचं, पुढचा चौकोन. मधे इंजिन गार होऊ द्यायचं. बायकोनं डबा आणला होता, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्याला दिली तर तोही आमच्यासोबत खाली बसून जेवला. विचारत होता, कुठं कुठं गेलात. कोकणात गेलो, गोव्याला गेलो, हैदराबादला गेलो, हे सगळं मीच सांगत होतो. ती भाकरी मोडत होती.

दुपारनंतर तो म्हणाला, "मॅडम, एक और चीज. आप मूठ जितनी खोलते, उससे कम खुलेगी गाडी, शुरू शुरू में. नरम करके देता. झटका नक्को ना आपको?"

"नको."

"ऊपर का पावर फिर इतना जल्दी नहीं आएगा."

"मला नकोच आहे ते."

त्यानं बोटं कीबोर्डवरच ठेवली आणि माझ्याकडं वळला. "सर, इसमें दो मॅप बैठते. एक मॅडम का, एक आपका. बटन दबाया के बदल जाता. आपका पूरा पावरवाला बना दूँ? मेहनत कुछ नहीं है, आज वैसे भी गाडी चढी है."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "टाका."

ते ऐकून मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. माझ्यासाठीचं एक माप त्या गाडीत असतं, एका बटणावर, आणि मी ते कधी दाबलं नसतं. बायकोला वाटलं असेल मला बरं वाटेल. त्या माणसालाही तेच वाटलं असेल. मी म्हणालो, "नको. एकच ठेवा. तिचाच."

"असू द्या की," बायको म्हणाली.

"नको म्हणतोय ना मी."

आवाज चढला होता माझा. डायनोवाल्यानं मान खाली घातली आणि काम पुढं चालू केलं. संध्याकाळी त्यानं तिला गाडीवर बसवून शेडबाहेरच्या रस्त्यावर एक चक्कर मारायला सांगितली. ती गेली, पुढच्या कोपऱ्यावर वळली आणि परत आली. गाडी बंद पडली नाही. आवाज एकसारखा, कुठं फटफट नाही. तिनं हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "आता चांगली चालते." तेवढंच. मला वाटलं ती दमली असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही फर्दापूरला निघालो. आमची जुनी सवयीची फेरी होती ती. फुलंब्री, सिल्लोड, मग अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर, तिथं जेवायचं आणि माघारी. दिवाळीनंतरचे दिवस होते, सकाळी हवेत गारवा होता. वाटेत कापसाच्या गाड्या भरून चालल्या होत्या.

गाडी खरंच सुंदर चालत होती. तिसऱ्या गिअरमध्ये, हळू, एखाद्या ट्रॅक्टरच्या मागं, कुठं आचका नाही. मी मागं बसून तेवढंच ऐकत होतो. मला समोर तिच्या हेल्मेटची पाठ दिसायची, बाकी डोकं वळवलं तर शेतं दिसायची. मी बोलत होतो. आता चौथा टाक. आता सोड जरा. त्याला जाऊ दे पुढं. बघ, कशी ओढते बघ. ती "हो" म्हणायची. सिल्लोडच्या पुढं तेही थांबलं. मला वाटलं वाऱ्यामुळं ऐकू येत नसेल.

घाटात एका वळणावर समोरून एसटी आली, अर्ध्या रस्त्यावर. ती गाडी कडेला घेऊन थांबली. एसटी गेली. आमच्या मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. ती निघेना. मी म्हणालो, "चल, पहिला टाक." ती थांबूनच राहिली. ट्रकवाला बाजूनं निघून गेला. मग तिनं पहिला टाकला आणि अगदी सावकाश, दोन्ही ब्रेक धरून, खाली उतरली.

फर्दापूरला हॉटेलपाशी गाडी लावली. पर्यटकांची वर्दळ होती, माळा विकणारे लोक मागं लागत होते. आम्ही आत जाऊन बसलो. चहा आला. तिनं बशी उचलली आणि कप तिच्यात वाजायला लागला. तिनं ती खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले.

"गार वाजतंय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

ती टेबलाकडं बघत म्हणाली, "मला भीती वाटते हो."

"घाटात वाटतेच. मलाही—"

"घाटात नाही. पहिल्यापासून. शेंद्र्याला वाटायची, चिकलठाण्याला वाटली, आज घरून निघताना तर जास्तच. तुम्ही मागं आहात, तुम्हाला बाजूचं दिसत नाही, आणि मी पडले तर तुमचं काय होईल, हेच डोक्यात. सगळ्या रस्त्यात हेच."

मी म्हणालो, "पण गाडी तर आता—"

"गाडी चांगली आहे. त्या माणसानं लई मन लावून केलंय. पण मला ही गाडी नकोच होती. मला तुमच्या मागं बसायला आवडायचं."

हॉटेलातला पोऱ्या चहाचे पैसे मागायला आला. ती थांबली. तो गेल्यावर म्हणाली, "मला वाटलं होईल सवय. होत नाहीये. माघारी मी चालवणार नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मग लाज वाटली रागाची. मग काहीच वाटेना. आम्ही जेवण मागवलं आणि दोघांनीही नीट खाल्लं नाही. हॉटेलमालक ओळखीचा होता, दर वर्षीचे गिऱ्हाईक आम्ही. त्याला म्हटलं, गाडी मागच्या अंगणात लावू द्या, कुणीतरी येऊन घेऊन जाईल. तो म्हणाला, "काय बिघाड झालाय का?" मी म्हणालो, "नाही. तब्येत बरी नाही जरा." कुणाची ते त्यानं विचारलं नाही.

जळगावहून येणारी एसटी मिळाली. बसायला जागा मिळाली, दोघांना शेजारी-शेजारी. तिनं दोन्ही हेल्मेट मांडीवर घेतली, माझंही. बस घाट चढायला लागली तशी ती झोपली. इतकी गाढ, की सिल्लोडला बस थांबली, माणसं चढली-उतरली, कुणाची पिशवी तिच्या खांद्याला लागली, तरी ती जागी झाली नाही. मला तेव्हा कळलं, गेले दोन महिने ती नीट झोपलीच नसणार. मी खिडकीतून बघायचा प्रयत्न केला. खिडकी माझ्या डाव्या बाजूला होती, आणि त्या बाजूचं बघायला पूर्ण वळावं लागायचं. वळलो तर तिचं डोकं माझ्या खांद्यावरून घसरलं असतं. म्हणून समोरच बघत बसलो, कंडक्टरच्या पाठीकडं.

गाडी आणायला डायनोवाला स्वतः गेला. मी फोनवर सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाला, "मैं लाता." रविवारी बसनं गेला आणि गाडी चालवत आला. आमच्या दारात किल्ली दिली, पाणी प्यायला. मी विचारलं, "कशी चालली?"

"मक्खन," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मगर सर, मेरे लिए बहुत नरम है. वो मॅडम की गाडी है."

बायको आत होती. तिनं ऐकलं असणार. बाहेर आली नाही.

आम्ही विकायचं ठरवलं. ठरवलं असं म्हणायचं, चर्चा काही झाली नाही. एका संध्याकाळी मी पेट्यांमधलं सामान काढून ठेवत होतो, रेनकोट, दोरी, पंक्चरचं किट, आणि तिनं येऊन रेनकोट घडी करून आत नेला. जालन्याचा एक जनावरांचा डॉक्टर गाडी बघायला आला. चाळिशीचा, धिप्पाड. चक्कर मारून आला आणि खूश झाला. कागदपत्रं झाली. जाताना त्यानं विचारलं, "सर, एक विचारू? खालच्या वेगात एवढी मऊ का ठेवली? वर जायला जरा आळस करते."

मी त्याला डायनोवाल्याचा पत्ता सांगितला. म्हणालो, "त्यांच्याकडं जा. तुमच्या हिशोबानं करून देतील. एक दिवस लागेल."

"आणि आधीचं?"

"पुसून टाकतील."

तो गेला. मी फाटकात उभा राहिलो. गाडी गल्लीच्या टोकाला डावीकडं वळली आणि माझ्या लेखी तिथंच नाहीशी झाली. आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला, मुकुंदवाडीच्या सिग्नलपर्यंत असावा.

आता मी कारखान्याच्या बसनं जातो. बस स्टॉपवर सगळे ओळखीचे आहेत, मला चढताना कुणीतरी हात देतं, आणि ते मला आवडत नाही, पण मी तो घेतो. रात्री डोळ्यांत थेंब टाकायचे, मग थोडा वेळ डोळे मिटून बसायचं. त्या वेळात बायको शाळेतल्या गोष्टी सांगते. प्रवासाचं आम्ही दोघंही काढत नाही. एकदा मुलगी म्हणाली, पुढच्या सुट्टीत मी येते, कारनं जाऊ कुठंतरी. बायको म्हणाली, बघू.

मागच्या महिन्यात परत तपासणी झाली. तोच घुमट, तेच बटण. उजव्या डोळ्याचा अजून थोडा भाग गेलाय. डॉक्टरीणबाईंनी एक औषध बदललं. बाहेर आलो तर बायको स्कूटर चालू करून उभी होती. ऊन लई कडक होतं, तिनं ओढणी डोक्यावरून घट्ट बांधली होती. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं स्कूटर जरा पुढं घेतली. मी मागं बसलो. जालना रोडवर त्या वेळी नेहमीसारखी गर्दी होती. स्कूटरवर ती बेफिकीर असते. रिक्षांच्या मधून, बसच्या पुढून, कशीही घालते, हॉर्न वाजवते, एका मोटारवाल्याला तिनं चालता चालता झापलंसुद्धा. मी तिच्या कमरेला धरून बसलो होतो. या वेळी ती नको म्हणाली नाही.